दवाखान्यातून निघताना म्हणायचे वाक्य

मी तिच्याविरुद्ध बोललो, आणि तिला मात्र सांगितले की तुझ्यासाठी बोललो. एवढे साधे विधान कागदावर उतरवायला मला काही वर्षे लागली. या वर्षांत मी शाळेत गेलो, तास घेतले, लोकांचे नमस्कार स्वीकारले. गावात मला मऊ बोलणारा मास्तर म्हणतात. मऊ आवाजाचा एक फायदा असा, की त्यात खोटे सांगितले तरी ते आर्जवासारखे ऐकू येते. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्या आवाजाची मला चीड येते, आणि हे लिखाण मी त्या चिडीतूनच करीत आहे.

तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि सरकार नागपुरात बसत होते. आमचे गाव गोंडपिपरीच्या बाजूचे, धानाच्या बांध्यांनी म्हणजे खाचरांनी वेढलेले, आणि बांध्या संपल्या की लगेच जंगल. गावात हायस्कूल नुकतेच निघाले होते. मी तेथे इंग्रजी शिकवीत असे. एक लहान सरकारी दवाखाना होता आणि त्यात एक आया होती. विशीतली, सातवी पास, जवळच्याच खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. तिचे लग्न ठरून मोडले होते. का मोडले हे मी कधी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

माझ्या पत्नीला त्या वर्षी विषमज्वर झाला. ती दवाखान्यात होती तेव्हा या मुलीने तिचे सगळे केले. पत्नी घरी आली ती एक निश्चय घेऊनच.

"त्या पोरीले नर्स व्हाचं हाये," ती म्हणाली. "नागपूरले ट्रेनिंग असते. पण साहेब लोक इंग्रजीत विचारतात म्हने. तुमी शिकवा तिले."

"पाहू," मी म्हणालो.

"पाहू काऊन? तिनं मले पाहू म्हनलं असतं तं मी आज इथी असती का?"

असे ते शिक्षण सुरू झाले. दुपारी दवाखान्यातले काम आटोपले की ती आमच्या ओसरीवर येई. पत्नी बाजूला सुपात लाखोळीची डाळ निवडीत बसे आणि आमचे सगळे बोलणे ऐके.

मुलाखतीत ठरावीक गोष्टी विचारतात हे मला ठाऊक होते. तुम्हाला काय करायला आवडते, पुढे काय करायची इच्छा आहे, फावला वेळ कसा घालवता. इंग्रजीत अशी वाक्ये करताना एक अडचण हमखास येते. काही क्रियापदांनंतर पुढच्या क्रियेला 'इंग' जोडावे लागते, काहींनंतर तिच्यापूर्वी 'टू' ठेवावा लागतो. 'एन्जॉय'नंतर रीडिंग म्हणायचे, टू रीड म्हणायचे नाही. 'वॉन्ट'नंतर टू रीड, तेथे रीडिंग चालत नाही. आणि 'लाइक' हे असे क्रियापद, की त्याला दोन्ही चालतात.

"दोनी चालते म्हनता गुरुजी, तं मंग कोनतं कवा लावाचं?" तिने विचारले.

प्रश्न सरळ होता. याचे उत्तर मला येत नव्हते. मी नागपुरात इंग्रजी शिकलो ते व्याकरणाच्या पुस्तकातून. माझे गुरुजीही तसेच शिकलेले होते. ज्या भाषेवर मी पोट भरतो ती भाषा बोलणाऱ्या माणसाजवळ मी आयुष्यात कधी अर्धा तासही बसलेलो नाही. कोणते वाक्य बरोबर हे मला पुस्तक सांगते. कोणते कानाला गोड लागते हे सांगणारे कोणी नाही. ही भीती मी रोज कोटाच्या आत घालून वर्गात जातो. तिच्या प्रश्नाने ती भीती बाहेर आली, आणि भित्रा माणूस जे करतो ते मी केले.

"विचारू नकोस. पाठ कर."

पत्नीने सुपातून मान वर केली. "येत नसन तं येत नाई म्हनाव," ती डाळीला उद्देशून म्हणाली.

मी पुस्तक उघडले. ते पुस्तक आठवले की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातल्या मुलांना बर्फावरून घसरायला आवडत असे, होडी वल्हवायला आवडत असे, तिकिटे जमवायला आवडत असे. आमच्या भागात उन्हाळ्यात पहाटे उठून माणसे मोहफुले वेचतात, पुढे तेंदूपाने तोडतात, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोवणी करतात, आणि रोवणी करताना बायका गातात. यातल्या एकाही क्रियेला त्या पुस्तकात जागा नव्हती. आणि मी, याच मातीतला माणूस, ते पुस्तक तिच्यापुढे असे धरीत होतो, की जणू काही तिच्या जगण्यातच काही चुकले आहे.

मी तिला 'एन्जॉय' घालून वाक्ये करायला सांगितली. ती थोडा विचार करून म्हणाली, "आय एन्जॉय वॉशिंग पेशंट्स."

"हे असे म्हणायचे नाही," मी म्हणालो.

"काऊन जी? इंग तं लावला ना."

"इंगचा प्रश्न नाही. आजाऱ्याला आंघोळ घालण्यात कोणाला मजा वाटते काय? साहेब हसतील."

"मजा नाई वाटत. पण तो मानूस साफ झाला का चांगला झोपते. ते पाहाले मले बरं वाटते."

"ते काम झाले. साहेब छंद विचारतात. वाचन, विणकाम, बागकाम असे सांगायचे."

"बागकाम मंजे?"

"फुलझाडे लावणे."

"अन् धान रोवनं?"

"ते कामच."

"साहेबाच्या बंगल्यात लावलं तं छंद, अन् आमच्या बांधीत लावलं तं काम?"

पत्नी मोठ्याने हसली. मी हसलो नाही. मी तिच्याकडून वाचन, विणकाम आणि बागकाम पाठ करून घेतले. तिने विणायच्या सुया कधी हातात धरल्या नव्हत्या. एका प्रामाणिक मुलीला मी इंग्रजीत खोटे बोलायला शिकवीत होतो, आणि ते शुद्ध बोलावे यासाठी तिच्यावर रागावत होतो.

या सर्व वाक्यांत एक माझे विशेष आवडते होते. 'टू'नंतर क्रियापद मूळ रूपात येते हे पोरांच्या डोक्यात एकदा बसले, की मी त्यांना एक अपवाद दाखवीत असे: 'आय लुक फॉरवर्ड टू कमिंग हिअर अगेन.' पुन्हा येथे येण्याची मी आतुरतेने वाट पाहत आहे. येथे 'टू' आहे आणि तरी पुढे 'कमिंग' आहे. हे वाक्य मला एका वरिष्ठांनी निरोप घेताना ऐकवले होते, आणि तेव्हापासून ते मी दागिन्यासारखे जपले होते. तिने मुलाखत संपताना उठून, हात जोडून, हे वाक्य म्हणायचे असे मी ठरवले.

"चाल, बोलून पाय बरं," पत्नी तिला म्हणाली, "मीबी आयकतो."

तिने ते म्हटले. पहिल्या दिवशी अडखळत, मग स्वच्छ. शेवटी शेवटी ती ते इतके छान म्हणे, की मला वाटे साहेब खुर्चीतून उठतील.

निवड करायला समिती येणार होती. नागपूरचे एक साहेब, एक डॉक्टरीणबाई, आणि इंग्रजीची पारख करायला स्थानिक शिक्षक म्हणून मी. ही मुलगी माझ्याकडे शिकते हे मी समितीला आधी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. सांगितले असते तर कदाचित मला बसू दिले नसते, आणि साहेबाच्या शेजारच्या खुर्चीवर बसण्याचा मोह मला सोडवला नाही.

मुलाखती रेस्ट हाऊसमध्ये व्हायच्या होत्या. परंतु त्याच दिवसांत जंगलखात्याचा लाकडाचा लिलाव होता, आणि बल्लारपूरकडून आलेल्या ठेकेदारांनी रेस्ट हाऊसच्या सगळ्या खोल्या व्यापल्या होत्या. ते व्हरांड्यात चटया टाकून पत्ते खेळत होते. साहेबांनी नाक मुरडले आणि मुलाखती दवाखान्यात घ्यायचे ठरले.

दवाखान्यात एकच बरी खोली होती. तिच्या दाराबाहेर व्हरांडा, आणि व्हरांड्यात रोग्यांच्या खाटा. मोहफुलांचे दिवस होते. एका खाटेवर अस्वलाने फाडलेला एक माणूस पडला होता. पहाटे फुले वेचायला गेला होता. त्याच्या चेहऱ्यावर पट्ट्या होत्या, एक डोळा गेला होता, आणि त्याची बायको पायथ्याशी खाली बसून होती. आत साहेब चहा मागवीत होते आणि बाहेर तो माणूस कण्हत होता. दार उघडेच होते, कारण उकाडा होता.

ती आत आली. धुतलेले पांढरे लुगडे, केस घट्ट बांधलेले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तसे मीच तिला बजावले होते.

"व्हॉट डू यू एन्जॉय?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"आय एन्जॉय रीडिंग, निटिंग अँड गार्डनिंग," ती म्हणाली. एकही चूक नाही. साहेबांनी विचारले, अलीकडे कोणते पुस्तक वाचले? तिला एकही नाव सांगता आले नाही. मला भीती वाटली, परंतु ती तिच्यासाठी नव्हती, माझ्यासाठीच होती.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी प्रश्न बदलला. नर्सच का व्हायचे आहे?

मग माझ्या पुस्तकाला, माझ्या बागकामाला, माझ्या सगळ्या शिकवणीला बाजूला सारून ती स्वतःचे बोलली. "आय लाइक सिटिंग विथ सिक पीपल. दे डू नॉट लाइक टू बी अलोन." आजाऱ्यांजवळ बसायला मला आवडते. त्यांना एकटे राहणे आवडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. साहेबही सरळ बसले. मला आनंद व्हायला हवा होता. ज्या 'लाइक'विषयी मी तिला उत्तर देऊ शकलो नव्हतो, त्याच्या दोन्ही रूपांचा तिने दोन वाक्यांत नेमका उपयोग केला होता. मला आनंद झाला नाही. ओसरीवर मी जे खोडून काढले होते ते तिने माझ्यासमोर पुन्हा उच्चारले, एवढेच मला दिसले.

"ऑल राइट," साहेब म्हणाले. "यू मे गो."

ती उठली. तिने हात जोडले. आता ते वाक्य. मी हलकेच खोकलो, तिला आठवण राहावी म्हणून. तिने तोंड उघडले, आणि तिची नजर दाराबाहेर गेली. पट्ट्या बांधलेल्या माणसाकडे, आणि त्याच्या पायाशी बसलेल्या बाईकडे. तिचे ओठ मिटले. ती एक शब्दही न बोलता वळली आणि खाली मान घालून निघून गेली. थँक यू नाही, गुड डे नाही, काही नाही.

ती असे का वागली हे मला त्याच क्षणी कळले होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे माझ्या मनाने कितीदा तरी मला सांगितले की तुला तेव्हा कुठे कळले होते. मला कळले होते. आमच्याकडे कोणत्याही घरून निघताना 'येतो' म्हणतात. 'जातो' कोणी म्हणत नाही. परंतु मयताच्या घरून आणि आजाऱ्याजवळून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. आतले माणूसही 'या' म्हणत नाही. हात जोडायचे, मागे वळून न पाहता चालू लागायचे. तेथे परत येण्याचे नाव काढणे म्हणजे आजाराला पुन्हा बोलावणे. पत्नीला घरी नेताना मी कंपाउंडरला सवयीने "बरे, येतो" म्हणालो होतो, तेव्हा याच मुलीने मला दटावले होते: "गुरुजी! इथी येतो म्हनते का कोनी? चाला लवकर."

आणि मी तिला दवाखान्याच्या दारात उभे राहून म्हणायला शिकवले होते, की पुन्हा येथे येण्याची मी आतुरतेने वाट पाहते. खाटेवरच्या माणसाला इंग्रजी कळणार नव्हते. त्याच्या बायकोलाही नाही. तिला कळत होते. रेस्ट हाऊसमध्ये ती ते वाक्य हसत म्हणाली असती.

"स्ट्रेंज," साहेब म्हणाले. "आभारसुद्धा नाहीत. पेशंटशी कशी वागणार ही?"

"घाबरली असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला बरी वाटली. मास्तर, तुम्हाला काय वाटते? तुम्ही इथले आहात."

तुम्ही इथले आहात. त्यांनी मला एवढी सरळ वाट करून दिली होती. मी म्हणायचे होते, बाई, आमच्याकडे आजाऱ्याजवळून असेच निघतात, तिने बाहेरच्या माणसाचा मान राखला. एवढ्याने काम झाले असते. परंतु साहेब माझ्याकडे पाहत होते. हे सांगितले तर ते मलाही जुन्या समजुतींतला खेडूत समजतील असे मला वाटले. आणि त्याहून नीच अशी एक गोष्ट होती: तिने माझे वाक्य म्हटले नव्हते. माझा दागिना तिने दारात टाकून दिला होता. मी आतून तिच्यावर भडकलो होतो.

मी माझ्या मऊ आवाजात म्हणालो, "पाठांतर आहे, सर. समज नाही."

साहेबांनी पुढच्या मुलीला बोलावले.

पाठांतर आहे, समज नाही. माझ्याविषयी यापेक्षा खरे कोणी कधी बोललेले नाही, आणि ते मी दुसऱ्याच्या नावावर घातले. त्या साहेबांचाही मला संताप येतो. जखम धुणाऱ्या हाताची पारख ते विणकामाच्या इंग्रजीवरून करायला निघाले होते. त्या व्यवस्थेचाही येतो, जिने माझ्यासारख्या अर्ध्या कच्च्या माणसाला पारख्याच्या खुर्चीवर बसवले. परंतु साहेब परके होते. त्यांना ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते तो गप्प बसला असता तरी थोडे बरे झाले असते. तो गप्पही बसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. निकाल तिला कळला होता. पत्नी आत गूळ-पाणी आणायला गेली होती.

"गुरुजी, शेवटचं वाक्य मी म्हनलं नाई."

"मला दिसले."

"इसरली नाई जी. पाठ होतं. पण तिथी कसं म्हनू? तो मानूस पडून होता. त्याची बायको बसून होती."

"हं."

"तुमाले राग आला असन."

हा दुसरा क्षण. पहिल्या वेळी साहेब समोर होते, चहा होता, खुर्ची होती. येथे काहीच नव्हते. रिकामी ओसरी होती आणि ती होती.

"नाही," मी म्हणालो. "मी तुझ्यासाठी पुष्कळ बोललो. साहेबांनी ऐकले नाही."

ती खाली वाकली आणि तिने माझ्या पायांवर डोके ठेवले. मी पाय मागे घेतले नाहीत. तेवढ्यात माझे बोलणे आतून ऐकून पत्नी बाहेर आली आणि तिने ते पाहिले.

"उठ गे," ती म्हणाली. "ह्यायनं शब्द टाकला ना तुह्यासाठी? मंग झालं. आपल्या हाती तेवढंच असते."

त्या हंगामापासून ती दरवर्षी नवे धान निघाले की घरच्या बारीक तांदळाचे गाठोडे घेऊन येऊ लागली. गुरुजींनी आपल्यासाठी शब्द टाकला म्हणून. पत्नी शेजारणींना तो तांदूळ ओंजळीत घेऊन दाखवी, वास घ्यायला लावी. "ह्यायच्या शाळेतल्या पोराईनं कवा काई आनलं नाई. अन् एक दवाखान्यातली पोरगी पाहा." मी तो भात जेवलो. दरवर्षी जेवलो. घशाखाली उतरत नसे असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु ते खोटे ठरेल. तो चांगला उतरत असे. वर तूपही घेत असे मी.

वर्गात मात्र ते वाक्य मी पुन्हा शिकवले नाही. पुस्तकातला तो धडा आला की मी पान उलटीत असे. यालाच मी काही काळ पश्चात्ताप समजत होतो. ती एक लबाडी होती, दुसरे काही नव्हते. पान उलटल्याने त्या मुलीच्या आयुष्यात काय फरक पडणार होता? ती तेथेच होती, त्याच दवाखान्यात, त्याच खाटांमध्ये भांडी उचलीत. कधी रस्त्यात भेटली की लांबूनच हात जोडी, आणि मी मान हलवून पुढे जाई.

मध्ये नवे राज्य झाले. आमचा जिल्हा मुंबईकडे गेला, नियम बदलले, पाट्यांवरची नावे बदलली. गेल्या हिवाळ्यात ती नेहमीप्रमाणे तांदूळ घेऊन आली. गाठोडे तिने पत्नीजवळ दिले आणि ओसरीच्या कडेला बसली. पूर्वी ती वाकून बसे. आता तिच्या बसण्यात थकवा होता.

"गुरुजी, समिती येऊन राह्यली पुन्हा," ती म्हणाली. "वयाची अट हाये. ह्या बारीले झालं तं झालं, नाई तं मंग नाई."

"इंग्रजी हाये का अजून ध्यानात?" पत्नीने विचारले.

"हाव. सगळं हाये." ती माझ्याकडे वळली. "तुमी मांगं शब्द टाकला होता जी. ह्या बारीलेबी तसाच टाकसान का?"

"टाकतील ना!" पत्नी म्हणाली. "टाकाले काय जाते त्यायचं? मांगच्या सारखाच टाकतील."

मांगच्या सारखाच. दोन बायका माझ्याकडे विश्वासाने पाहत होत्या. मी होय म्हणालो असतो तर ते सोपे होते. या खेपेला कदाचित मी खरोखरच तिच्यासाठी बोललोही असतो, आणि मग सगळे फिटले असे स्वतःला सांगितले असते. तो हिशेब माझ्या डोक्यात मांडून तयारही झाला होता. त्या तयारीनेच मला माझी किळस आली.

"तसा नको," मी म्हणालो.

"मंजे?" पत्नी म्हणाली.

मी सांगितले. डॉक्टरीणबाईंनी काय विचारले, मी काय उत्तर दिले, का दिले. दारातल्या तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळला होता, हेही सांगितले. माझा आवाज नेहमीसारखाच खाली होता. तो मला स्वतःलाच ऐकू येत नव्हता.

त्या मुलीने पत्नीजवळच्या गाठोड्याकडे पाहिले. मग ती म्हणाली, "तं मंग इतके सालं तांदूळ काऊन ठेवून घेतले?"

मी नजर जमिनीकडे वळवली.

"बोला ना जी. पहिल्या सालीच म्हनाचं होतं, नको आनू म्हनून."

"हिंमत झाली नाही."

"हिंमत!" ती उभी राहिली. तिचा आवाज चढला. त्या आवाजात मी तिला कधी ऐकले नव्हते. "मधात एक समिती गोंडपिपरीले आली होती. मी गेलीच नाई. माह्या भावानं म्हनलं, जाय. मी म्हनलं, एवढा मोठा मानूस आपल्यासाठी बोलला तरी घेतलं नाई, मंजे माह्यातच काई नसन. आता जाऊन कोनाले तोंड दाखवू? तुमी बोललेच नाई हे माहीत असतं तं मी गेली असती. दहादा गेली असती!"

हे मला ठाऊक नव्हते. मी तिच्याविरुद्ध बोलल्याने तिची एक संधी गेली, एवढेच मी आजवर धरून चाललो होतो. दुसरी माझ्या खोट्या चांगुलपणाने घालवली. तिच्यासाठी बोलल्याचा जो मान मी फुकट मिळवला, त्याच्यापायी तिने स्वतःला नालायक ठरवले, आणि ते ओझे घेऊन ती दरवर्षी माझ्याच दारी तांदूळ आणीत राहिली.

पत्नीने गाठोडे उचलले आणि तिच्या हातात परत दिले. "घेऊन जाय पोरी. हे आमच्या घरी शिजाचं नाई." मग ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी ओळखला नाही. "पाहात काय बसले? माफी मांगा तिले."

मी काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्यानं," पत्नी म्हणाली. "त्या दिसी साहेबाले आयकू गेलं ना? तसं. रस्त्यावरच्या लोकाईले आयकू जाऊ द्या."

रस्त्यावर बैलगाड्या थांबल्या होत्या. शेजारच्या ओसरीवर माणसे उठून उभी राहिली होती. माझे काही जुने विद्यार्थीही त्यांत होते. ती पायरीपर्यंत गेली होती, गाठोडे काखेत धरून, पाठ माझ्याकडे. मी उठलो. ओसरीच्या खांबाला धरून, आयुष्यात वर्गाबाहेर कधी चढवला नव्हता इतका आवाज चढवून मी म्हणालो:

"तुझ्यात काहीही कमी नव्हते. मी साहेबांपुढे तुझ्याविरुद्ध बोललो, आणि तुला खोटे सांगितले. नालायक मी होतो. मला माफ कर."